गाईडचं ऐकू की कमिटीतल्या मॅडमचं?

प्रश्न: ताई नमस्कार, मी पुण्यात पीएचडी करतेय, तिसरं वर्ष संपत आलंय. विषय एज्युकेशनल डेटा मायनिंग. गणिताच्या एका अॅपचा लॉग डेटा मिळालाय, म्हणजे कुठल्या मुलाने कधी काय उत्तर दिलं याची नोंद, पुण्याच्या आसपासच्या मराठी आणि सेमी शाळांमधल्या पाचवी ते सातवीच्या मुलांचा. मुलाचं पुढचं उत्तर बरोबर येईल की चूक हे सांगणारं डीप लर्निंगचं मॉडेल बनवलं, पण साध्या जुन्या मॉडेलपेक्षा एयूसी, म्हणजे मॉडेल बरोबर आणि चूक किती नीट वेगळं ओळखतं त्याचा आकडा, दुसऱ्या दशांशावर जेमतेम हलतो. गाईड कॉम्प्युटरचे आहेत, ते म्हणतात अजून मोठं मॉडेल लाव, आकडा वाढला की पेपर होईल. मागच्या आरएसीला, म्हणजे पीएचडीचं काम तपासणाऱ्या कमिटीच्या मीटिंगला, एज्युकेशनच्या एक मॅडम होत्या, त्यांनी एवढंच विचारलं की हे मॉडेल मुलाचं नेमकं काय मोजतंय. मला उत्तर देता आलं नाही आणि बाहेर आल्यावर गाईड माझ्यावरच चिडले. आता एका एडटेक कंपनीची ऑफर आलीये, घरचे म्हणतात घे आणि सुट. काय करू? – गोंधळलेली, कोथरूड

अगं, पहिलं सांगते, मॅडमनी तुला अडवलं नाहीये, त्यांनी तुला विषय दिलाय. आणि दुसरं, गाईड व्हिलन नाहीत. कॉम्प्युटरच्या माणसाला आकडा लागतो, त्याच्या पेपरला रिव्ह्यूअर पण तसलेच भेटतात, बेसलाईनपेक्षा, म्हणजे जुन्या मॉडेलपेक्षा, किती वाढलं एवढंच विचारणारे, त्यामुळे ते जे बोलतायत ते त्यांच्या जागी बरोबरच आहे. फक्त त्या रस्त्याने गेलीस तर अजून दोन वर्षांनी तुझ्याकडे तिसऱ्या दशांशावर हललेला एक आकडा असेल आणि मॅडम तेव्हाही तोच प्रश्न विचारतील, व्हायवाला, सगळ्यांसमोर.

आधी त्या न हलणाऱ्या एयूसीचं बघू, कारण तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त रडणं त्याचंच आहे. यात तुझं काहीही चुकलेलं नाही. २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी डीप नॉलेज ट्रेसिंग आणलं, म्हणजे तुझ्यासारखंच डीप लर्निंगने मुलाचं पुढचं उत्तर ओळखणं, असिस्टमेंट्स नावाच्या गणिताच्या ऑनलाइन सिस्टमच्या डेटावर एयूसी ०.८६ दाखवला, जुनं बेजियन मॉडेल (ते काय ते पुढे सांगते) त्याच्या पार खाली, आणि सगळीकडे एकदम उडी पडली. मग २०१६ मध्ये लोकांनी तोच डेटा नीट उघडून बघितला तर त्यात डुप्लिकेट ओळी निघाल्या, शिवाय एका प्रश्नाला दोन-तीन कौशल्यांचे टॅग असले की तेच उत्तर दोन-तीन ओळींत परत परत येत होतं. म्हणजे मॉडेलला एका ओळीत उत्तर दिसायचं आणि पुढच्या ओळीत तेच ओळखायचं असायचं, कोण नाही ओळखणार! ते साफ केल्यावर आकडा बराच खाली आला. त्याच वर्षी अजून काही पेपर आले की जुन्या मॉडेलात थोड्या सुधारणा केल्या, मुलामुलातला फरक धरला, विसरणं धरलं, तर ते डीप मॉडेलच्या बरोबरीला येतं, आणि काही डेटावर तर सुधारलेली आयआरटीची (आयटम रिस्पॉन्स थिअरी, हेही पुढे येतंय) मॉडेलं पुढेसुद्धा गेली. हे सगळं तुझ्या गाईडनी वाचलेलं असेलच असं नाही, त्यांचं क्षेत्र वेगळं आहे, पण तू तिसऱ्या वर्षाला आहेस, तुला हे तोंडपाठ पाहिजे.

तेव्हा पहिलं काम म्हणजे डेटा उघड आणि एका मुलाच्या ओळी वेळेप्रमाणे लावून डोळ्यांनी वाच, कोड नको. तोच प्रश्न, तोच सेकंद, दोन टॅग असं दिसलं की समज. आणि ट्रेन-टेस्ट पाडताना, म्हणजे मॉडेलला शिकवायचा डेटा आणि तपासायचा डेटा वेगळा करताना, मुलं वेगळी केलीस ना, की नुसत्या ओळी पिसून अर्ध्या इकडे अर्ध्या तिकडे? ओळी पिसल्या असशील तर एकाच मुलाचा कालचा दिवस ट्रेनमध्ये आणि परवाचा टेस्टमध्ये जातो, मग जो काही आकडा आलाय तो कमिटीसमोर नेऊच नको. हे आठवडाभरात उरकून टाक आणि त्या एयूसीचा नाद सोड.

आता मॅडमचा प्रश्न. तुझ्या विषयात खरं तर दोन घराणी आहेत आणि दोघांचं एकमेकांकडे येणंजाणं फार नाही. एक मेजरमेंटवाल्यांचं, म्हणजे परीक्षावाले. गेऑर्ग रॅश नावाच्या डॅनिश गणितज्ञाचं पुस्तक १९६० चं, त्याचं म्हणणं साधं होतं, मुलाची क्षमता आणि प्रश्नाची काठिण्यपातळी एकाच पट्टीवर मांडा, दोघांतलं अंतर किती त्यावर बरोबर उत्तराची शक्यता ठरते. तिकडे अमेरिकेत लॉर्ड वगैरे मंडळी त्याच सुमाराला तेच वेगळ्या वाटेने करत होती, त्यातून आयआरटी उभी राहिली. पण ही सगळी परीक्षेसाठी. तीन तासांच्या पेपरात मूल काही शिकत नाही असं गृहीत धरलेलं.

दुसरं घराणं ट्यूटर सॉफ्टवेअरवाल्यांचं. कॉर्बेट आणि अँडरसन, कार्नेगी मेलन, १९९५. त्यांचं बेजियन नॉलेज ट्रेसिंग म्हणतं की मूल शिकतंच आहे, दर प्रश्नागणिक. चार आकडे: आधीपासून येत होतं याची शक्यता, या संधीला शिकलं याची शक्यता, येत नसताना ठोकून दिलेलं बरोबर आलं (गेस), आणि येत असताना हात घसरला (स्लिप). मूल शिकलंय याची खात्री ०.९५ च्या वर गेली की पुढच्या धड्याला पाठवा. तू जे 'साधं जुनं मॉडेल' म्हणून तुच्छतेने लिहिलंयस ना, ते बहुतेक हेच. त्यात निदान प्रत्येक आकड्याला काहीतरी अर्थ आहे, तो आकडा वर्गातल्या शिक्षकाला सांगता येतो. तुझ्या डीप मॉडेलच्या आत जे आहे ते कुणालाच सांगता येत नाही, तुलाही नाही, म्हणून तर गप्प बसलीस.

आणि मॅडम परीक्षावाल्या घराण्यातल्या आहेत म्हणून त्यांनी मोजण्याचं विचारलं. त्यांची माणसं आकड्याबरोबर आकड्याची चूक पण विचारतात. आपल्याकडे सीईटी आणि जेईईचा पर्सेंटाईल सात दशांशांपर्यंत छापतात, त्यामागचं कारण मुलांचे टाय सुटावेत एवढंच असतं, पण पालक सातव्या दशांशावरून पोरांना बोलतात आणि त्या मोजमापात चूक किती असू शकते हे त्या कागदावर कुठेच नसतं. असो, हा वेगळा विषय आहे, त्यावर मी बोलायला लागले तर तुझं राहून जाईल.

तुझ्यासाठी खरा मुद्दा आता सांगते, जरा नीट वाच. तुझ्या अॅपमध्ये 'अपूर्णांकांची तुलना' असा एक टॅग नक्की असणार, पाचवी-सहावीचं कुठलंही अॅप घे, असतोच. त्याच्याखाली दोन प्रश्न बघ. एक, ३/५ आणि ४/५ यातला मोठा कोणता. दुसरा, ३/४ आणि ३/५ यातला मोठा कोणता. आता असं मूल डोळ्यांसमोर आण ज्याला अपूर्णांक म्हणजे काय हे कळलेलंच नाही, ते वरचा-खालचा आकडा सुटा सुटा बघतं आणि ज्याच्यात मोठा आकडा दिसेल ते ठोकतं. पहिल्या प्रश्नात चार मोठे, म्हणून ४/५, बरोबर! दुसऱ्यात पाच मोठे, म्हणून ३/५, चूक. छेद समान असले की हे मूल दर वेळी बरोबर आणि अंश समान असले की दर वेळी चूक. त्याच्या डोक्यात गोंधळ अजिबात नाहीये, एक पक्का नियम आहे आणि तो नियम चुकीचा आहे.

हे तुझ्या मॉडेलांना कसं दिसतं बघ. बेजियन मॉडेलला एकच टॅग दिसतो, बरोबर चूक बरोबर चूक, मग ते म्हणतं याला अर्धवट येतंय, आणि तो विस्कळीतपणा पोटात घालायला गेस आणि स्लिप दोन्ही फुगवून ठेवतं. कधी कधी तर ०.५ च्या वर जातात. म्हणजे काय, येणारं मूल निम्म्यापेक्षा जास्त वेळा चुकतं, असं असतं का कुठे? तुझे आले असतील तसे, जाऊन बघ. आणि तुझं डीप मॉडेल, त्याला प्रश्नांचे आयडी दिले असशील तर ते दोन दिवसांत शिकतं की असल्या मुलाचं या आयडीला बरोबर आणि त्या आयडीला चूक येणार. झकास ओळखतं, एयूसी वर. पण त्या मुलाला अपूर्णांक येतो का असं विचारलं तर त्याच्याकडे शब्दच नाही. पहिलं मॉडेल चुकीचं सांगतंय आणि दुसरं काहीच सांगत नाहीये, आणि शिक्षकाला मात्र एवढंच हवंय की या पोराला उद्या फळ्यावर काय दाखवू, चौकोनी केक चार जणांत वाटला तर तुकडा मोठा की पाच जणांत.

आता हे सापडायचं कसं, तर लर्निंग कर्व्ह काढ. आडव्या अक्षावर त्या टॅगचा कितवा प्रश्न आहे ते, उभ्या अक्षावर किती टक्के मुलांचं चुकलं ते, फक्त पहिला प्रयत्न धरायचा, हिंट घेतली असेल तर चूक धरायची. टॅग नीट असेल तर रेघ हळूहळू खाली येते, सरावाने चुका कमी होतात, साधं आहे. पण रेघ सपाट राहिली किंवा मध्येच उंट उठला तर त्या टॅगखाली दोन वेगळी कौशल्यं कोंबली आहेत असा संशय घ्यायचा. मग टॅग फोड. समान छेद वेगळा, समान अंश वेगळा, दोन्ही वेगळे असलेले तिसरे. परत कर्व्ह काढ, परत बेजियन मॉडेल लाव, गेस आणि स्लिप शहाण्यासारखे खाली आले का बघ. कार्नेगी मेलनच्या लोकांनी २००६ मध्ये लर्निंग फॅक्टर्स अॅनालिसिस म्हणून हे रीतसर मांडलंय, भूमितीच्या डेटावर, त्यामुळे पद्धत तुला शोधायची नाहीये, मराठी शाळांमधल्या अपूर्णांकांवर करून दाखवायची आहे. आणि हो, ज्या प्रश्नांना चार पर्याय आहेत तिथे मुलांनी कुठला चुकीचा पर्याय निवडला तो कॉलम तुझ्याकडे आहे का? डेटा साफ करताना बरोबर-चूक म्हणजे एक-शून्य करून बाकीचं टाकून दिलं असशील तर परत माग कंपनीकडे. सगळं सोनं त्यातच असतं.

अजून एक बघ, हे फक्त आपल्याकडेच सापडेल. तुझ्या अॅपमध्ये आवाजातले किंवा शब्दांतले प्रश्न असतील, 'एकोणसत्तरमधून अठ्ठावीस वजा करा' छाप. लॉगमध्ये उत्तर शोध, ४१ च्या जागी ५१ किती जणांनी लिहिलंय. ५१ लिहिणाऱ्या पोराने ७९ मधून २८ वजा केलेत आणि ते अगदी बरोबर केलेत! त्याला वजाबाकी येते, त्याने सत्तर ऐकलं आणि पुढचा नऊ जोडला. अॅपने त्याच्या वजाबाकीला फुली मारली. सेमीच्या मुलांना गणित इंग्रजीत असतं, वर्गात ती सिक्स्टी नाईन म्हणतात, त्यांचं तर जास्तच होत असेल, पण असेल हे मी म्हणतेय, तू मोजून दाखव. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात संख्या 'साठ तीन' अशा वाचायच्या आल्या तेव्हा पेपरांत आणि टीव्हीवर केवढा गदारोळ झाला होता आठवतंय ना, सगळे भाषेच्या अस्मितेवर बोलत होते, आणि या वयात चुकतं ते गणित की आकड्याचं नाव, हे लॉग डेटावरून दाखवणारं त्या भांडणात मला कुणी दिसलं नाही. तुझ्याकडे डेटा आहे.

याला मेजरमेंटवाले डीआयएफ म्हणतात. एकूण सारखीच तयारी असलेली मराठीची आणि सेमीची मुलं घ्यायची आणि एकेका प्रश्नावर बघायचं की एका गटाला तो विनाकारण जड जातोय का. मँटेल-हेन्झेलची पद्धत त्याला चालते, मुळात १९५९ ची, आजारांच्या अभ्यासातली, परीक्षांसाठी १९८८ पासून वापरात आली. आर मध्ये तयार पॅकेजेस आहेत, आयआरटीसाठी एमआयआरटी, बेजियन मॉडेलसाठी पायथॉनमध्ये पायबीकेटी. यातलं काहीही जीपीयूवर चालवायला लागत नाही, तुझ्या लॅपटॉपवर होतं. फक्त एक लक्षात ठेव, अॅप जर मुलाला बघून प्रश्न देत असेल, म्हणजे हुशाराला अवघड आणि कच्च्याला सोपे, तर डेटातल्या रिकाम्या जागा, म्हणजे जो प्रश्न त्या मुलाला मिळालाच नाही, त्या उगाच रिकाम्या नाहीत, प्रश्न अवघड का दिसतोय हे ठरवताना ते धरावं लागतं. मॅडमना हेच विचार, त्या खूश होतील.

आणि शाळेत जा. हे मी सगळ्यात आधी लिहिणार होते. मी मुळशीकडच्या एका शाळेत असल्या अॅपचा तास बघितलाय, एका टॅबवर तीन मुलं. लॉगिन मधल्या मुलीचं, बोट डावीकडच्या पोराचं आणि उजवीकडचा नुसता ओरडतोय 'ब दाब, ब दाब'. सर्व्हरवर ओळ पडली की अमुक आयडीच्या विद्यार्थिनीने सोळा सेकंदांत बरोबर उत्तर दिलं. ती मुलगी तेव्हा टॅबवरचं स्टिकर खरवडत होती. तुझ्या काही लाख ओळींमध्ये असल्या ओळी किती हे तुला कॉलम बघून कधीच कळणार नाही. दुसरा प्रकार हिंटवाल्यांचा, पहिली हिंट, दुसरी, तिसरी, धडाधड, कारण शेवटच्या हिंटमध्ये उत्तर लिहिलेलं असतं हे पोरांना पहिल्या दिवशीच कळतं. यावर २००४ पासून रायन बेकरचं भरपूर काम आहे, सिस्टमशी खेळणारी मुलं कशी ओळखायची यावर, ते वाच. दोन सेकंदांत दिलेलं उत्तर म्हणजे प्रश्न वाचलेलाच नाही, ते क्षमतेच्या मोजमापात घ्यायचं की नाही हे तुला ठरवायचंय आणि थिसिसमध्ये तसं लिहायचंय. कोथरूडहून पौडची एसटी की पीएमपी जे मिळेल ते पकड, शिक्षकांना आधी फोन करून जा, परीक्षेच्या आठवड्यात जाऊ नको, आणि मागे बसून फक्त बघ, त्या तासाला तुझं लॅपटॉप काढणं नको.

परवानगीचं पण आत्ताच बोलते. डिजिटल डेटाचा २०२३ चा जो कायदा आहे त्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे आणि त्यांच्या डेटाला पालकांची संमती हा मुद्दा आहे. संशोधनाला काही सवलती आहेत पण त्या तुझ्या बाबतीत कशा लागू होतात हे तुझ्या विद्यापीठाच्या एथिक्स कमिटीकडून लेखी घे. कंपनीचा 'डेटा अॅनॉनिमस आहे' असा एक ओळीचा मेल हा कागद नाही. नाव काढलं पण शाळा, तुकडी, जन्मतारीख ठेवली तर मुळशीतल्या छोट्या शाळेत ते मूल कोण हे शिपाई पण सांगेल.

आता गाईडशी बोलायचं कसं. मॅडम बरोबर होत्या असं म्हणत त्यांच्या केबिनमध्ये शिरू नको, त्यांचा आरएसीमध्ये अपमान झालाय असं त्यांना वाटतंय आणि ते तुझ्यावर निघालं, उद्या परत निघेल. एक पान घेऊन जा. वर दोन कर्व्ह, टॅग फोडायच्या आधीचा आणि नंतरचा. खाली गेस-स्लिपचे आकडे, आधी आणि नंतर. मग म्हण, सर, तुमचं डीप मॉडेल मी टाकून देत नाहीये, फोडलेले टॅग त्याला देऊन परत चालवते, कदाचित वाढेल, आणि नाही वाढलं तरी कुठल्या प्रश्नांवर ते साध्या मॉडेलपेक्षा पुढे जातं तिथेच चुकीचे टॅग सापडतात का हे बघते. हे मी तुला गाईडला पटवायची युक्ती म्हणून सांगत नाहीये हं, हा खरोखर चांगला प्रश्न आहे. जिथे डीप मॉडेल जिंकतं तिथे साध्या मॉडेलला काहीतरी दिसत नाहीये, मग काय दिसत नाहीये ते शोध. त्यांना त्यांचं मॉडेल मिळतं, मॅडमना अर्थ मिळतो, तुला प्रकरण चार मिळतं. त्या मॅडमना को-गाईड करता येतात का ते पण विचार, पण ते सरांकडूनच सुचू दे, तू सुचवलंस तर वेगळा वास येईल.

पेपरची चिंता करतेयस ती थोडी कमी कर. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत थिसिस जमा करायच्या आधी पेपर छापलेलाच पाहिजे ही अट राहिलेली नाही, विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते, ती पीएचडी सेक्शनला जाऊन बघून घे, मित्रांचं ऐकू नको, प्रत्येकाकडे वेगळाच नियम असतो. आणि पाठवायचाच असेल तर या विषयाची आपली कॉन्फरन्स आहे, ईडीएम, २००८ पासून चालू आहे, लर्निंग अॅनालिटिक्सवाल्यांची एलएके २०११ पासून. तिथले रिव्ह्यूअर टॅग फोडण्याचं काम वाचतात आणि त्यांना ते आवडतं. नुसत्या मशीन लर्निंगच्या कॉन्फरन्सला पाठवलंस तर परत तेच, आकडा किती वाढला. आणि पवईला आयआयटीत एज्युकेशनल टेक्नॉलॉजीवर पीएचडी करणारी मुलं आहेत, त्यांच्या टॉकला जाऊन ये, डेक्कन क्वीनने सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. तुझ्या डिपार्टमेंटमध्ये या विषयावर बोलायला कुणी नाहीये आणि निम्मा गोंधळ त्यानेच झालाय असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं.

राहिली ऑफर. घरचे म्हणतात म्हणून घेऊ नको आणि मी म्हणते म्हणून सोडू पण नको. फेलोशिप किती महिने उरलीये ते सांगितलं नाहीस, त्यावर बरंच आहे. सहा महिने जरी असतील तरी आधी तो अपूर्णांकांचा कर्व्ह काढ, मग ठरव. कंपनीला तीन गोष्टी विचार: तुमच्या अॅपमध्ये मूल शिकलं असं तुम्ही कशावरून ठरवता, तुमचे टॅग कुणी लावले, आणि मी माझा थिसिस पूर्ण करताना डेटावर काम करू शकेन का, लेखी द्याल का. पहिल्या दोन प्रश्नांना समोरचा माणूस नुसतं 'आमचं एआय करतं' म्हणाला तर तिथे जाऊन तू परत एयूसीच वाढवत बसणार आहेस, फक्त पगार जास्त. आणि कुणी म्हणालं की टॅग शिक्षकांनी लावलेत पण आम्हाला त्यांच्यावर विश्वास नाही, कोणीतरी बघायला हवंय, तर अगं, ती नोकरी तुझीच आहे. जॉइनिंगची तारीख पुढची माग, सरळ माग. तीन-तीन महिन्यांचे नोटिस पिरियड झेलायची इथल्या एचआरना सवय असते, तू जूनऐवजी सप्टेंबर म्हणालीस तर ते मेलवर दोन दिवस घेतील आणि हो म्हणतील, आणि नाही म्हणाले तर एडटेकच्या ऑफर कोथरूड-बाणेरात परत येतात, पहिला नीट कर्व्ह हातात असलेल्या मुलीला तर नक्कीच.

घरी मात्र एवढंच सांग की सप्टेंबरपर्यंत विचारू नका.